मागच्या बाकावरच्या वहिनी

जगात चांगले शिक्षक पुष्कळ झाले असतील. त्यांचे पुतळे आहेत, त्यांच्या नावाचे पुरस्कार आहेत. पण विद्यार्थी म्हणावा असा माणूस मी आजवर एकच पाहिला, आणि तो म्हणजे आमच्या वहिनी. विद्यार्थी या पदावर जर कुठे नेमणूक होत असती, तर वहिनी त्या पदावर कायम झाल्या असत्या आणि त्याच पदावरून हारतुरे घेऊन निवृत्तही झाल्या असत्या. गंमत अशी की आमची ओळख झाली ती आम्हा दोघींना शिक्षिका व्हायचं होतं म्हणून. वर्ध्याच्या एका शिक्षणशास्त्र महाविद्यालयात आम्ही एकाच तुकडीत बी.एड. करत होतो. मी नुकतीच पदवी हातात पडलेली, सिंदी मेघेहून स्कूटीवर येणारी, केसांना रोज वेगळी क्लिप लावणारी. वहिनी पवनारहून बसने यायच्या, लेकीची वेणी घालून, घरादाराचे डबे भरून आणि बाजारात जायच्या मेथीच्या जुड्या बांधून. वर्गात पाऊल टाकताना त्यांच्या बोटांना मेथीचा वास असायचा आणि चेहऱ्यावर शाळेच्या पहिल्या दिवसाचा आनंद. असा आनंद आमच्या चेहऱ्यांवर फक्त सुट्टी जाहीर झाल्यावर दिसायचा.

वहिनींचा धाकटा दीर आमच्याच वर्गात होता, म्हणून त्या आम्हा सगळ्यांच्या वहिनी. खरं तर बी.एड. करायचं होतं ते दिराला, किंवा त्याच्या वतीने सासऱ्यांना. प्रवेश परीक्षेचा फॉर्म भरायला दीर ऑनलाइन सेंटरवर निघाला, तेव्हा वहिनी बाजारात भाजी टाकून त्याच्यासोबत गेल्या आणि गोबीवर फुकटचा सांभार, म्हणजे कोथिंबीर, मागावा इतक्या सहज सेंटरवरच्या मुलाला म्हणाल्या, "भाऊ, त्याच्यासंगं माह्याबी एक भरून टाक." लग्नाआधीची पदवी होतीच, ट्रंकेच्या तळाशी. परीक्षेत वहिनींना दिरापेक्षा जास्त गुण पडले. घरात दोन जेवणं कोणी कोणाशी बोललं नाही. शेवटी सासरे हात धुता धुता म्हणाले, "आता मार्क आलेच आहे त जाऊ दे. पण एकदाच. नापास झाली त मंग वावर बरं." ही अट वहिनींनी आम्हाला पहिल्याच आठवड्यात सांगून टाकली, तीही अगदी हसत. पण हसताना पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, तेव्हा मला कळलं की ही बाई ती अट रोज बसमध्ये सोबत घेऊन येते.

दीर स्वभावाने अबोल. वर्गात वहिनींपासून जमेल तितका दूर बसायचा आणि डबा विसरला की खालच्या मानेने "वहिनी" एवढंच म्हणायचा. त्या एका हाकेवर सगळ्या वर्गाने हक्क सांगितला. मग कारकून त्यांना वहिनी म्हणू लागले, मग प्राध्यापक, आणि एका परिपाठाला तर साक्षात प्राचार्य माईकवरून म्हणाले, "आता आजचा सुविचार वहिनी सांगतील." ते त्यांच्याहून वयाने पुष्कळच मोठे होते. वहिनी उठल्या आणि म्हणाल्या, "जे समजलं नाई ते समजलं म्हणू नये." हा सुविचार कोणाचा, असं प्राचार्यांनी विचारलं तेव्हा "आताच सुचला" म्हणून खाली बसल्या.

ज्यांनी बी.एड. केलेलं नाही त्यांना इथे थोडं समजावून सांगायला हवं. खऱ्या मुलांच्या वाटेला जाण्याआधी आम्हाला एकमेकांवर हात साफ करावा लागतो. एकाने फळ्यापाशी उभं राहून काही मिनिटं शिक्षक व्हायचं आणि बाकीच्यांनी समोर बसून सातवीची मुलं व्हायचं. या सातवीत मिशीवाले असतात, साखरपुडा झालेले असतात, एखादीचं बाळ शेजारच्या खोलीत आजीजवळ रडत असतं. आणि या पाठांची एक जुनी रीत आहे, ती कुठल्याही पुस्तकात नाही पण प्रत्येक कॉलेजात आहे. ज्याचा पाठ असेल त्याने आधी व्हरांड्यात सगळ्यांना उत्तरं वाटून ठेवायची. मी अमुक विचारलं की तू तमुक सांग. आज माझी पाळी, उद्या तुझी. त्यामुळे पाठ कसा तूप लावल्यासारखा सरकत जातो, निरीक्षक खूश होतात, आणि कोणीच कोणाला काही शिकवलेलं नसतं. ही रीत सुखाने चालली होती, आणि मग आमच्या तुकडीत वहिनी आल्या.

वहिनी उत्तर घ्यायच्याच नाहीत. "मले नको सांगू," असं म्हणून त्या कानांवर हात ठेवायच्या. "सातवीतल्या पोराले हे कुठं माहीत राह्यते? मी आज सातवीत आहे." आणि त्या खरोखरच सातवीत असायच्या. आज कोणतं पोर व्हायचं हे त्या बसमध्येच ठरवून यायच्या. कधी न जेवता आलेलं, कधी खिडकीबाहेर बकरीकडे पाहत बसणारं, कधी सगळ्याला होकारार्थी मान हलवणारं आणि काहीच न समजलेलं. एकदा तर त्यांनी शेजारणीच्या वहीवर खरोखर शाई सांडली, आणि ओरडा बसल्यावर असं तोंड केलं की पाठ घेणाऱ्या मुलाने घाबरून "राहू दे, राहू दे" म्हटलं. वर्गव्यवस्थापनाचे त्याचे गुण तिथेच गेले. पाठ असणारा प्रत्येकजण सकाळी देवाला एकच विनवायचा, की आज पवनारची बस चुकू दे.

माझा पहिला पाठ प्रस्तावना कौशल्याचा होता. मुलांना असे प्रश्न विचारायचे की शेवटी आजचा विषय त्यांच्याच तोंडून बाहेर पडला पाहिजे. शिक्षकाने स्वतः विषय सांगितला तर तो पाठ गेलाच म्हणून समजा. माझा विषय होता जलचक्र. मी कापसाचे ढग करून नेले होते. मी मधाळ आवाजात विचारलं, "आकाशात काळे ढग जमले की काय होतं?" पढवून ठेवलेल्या मुलीने हात वर करण्याआधीच वहिनी उभ्या. "आई वाळवण उचलते." मी म्हटलं, "छान. आणि मग?" "मंग मले हाक मारते. मी जात नाई. मंग मारते." वर्ग हसला. मी घाम पुसला आणि म्हटलं, "पण बाळ, त्या ढगांमधून खाली काय येतं?" वहिनींनी गंभीरपणे छताकडे पाहिलं. मुलाने करावा तसा विचार केला, ओठ हलवून. मग हळूच म्हणाल्या, "मॅडम, कधी कधी काईच येत नाई. नुसते निंगून जाते." निरीक्षक मॅडमनी फाईल तोंडापुढे धरली. शेवटी "तर आज आपण जलचक्र शिकणार आहोत" हे मलाच सांगावं लागलं. मी संध्याकाळपर्यंत फुगून बसले होते. वहिनी डबा घेऊन माझ्यापाशी आल्या, भाकरी-झुणक्याचा अर्धा वाटा माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाल्या, "प्रश्न चांगला होता तुहा. पण तू त्या दुसऱ्या पोरीच्या उत्तराकडं पाहून राह्यलती. मी बोलून राह्यली होती, माह्याकडं पाह्यलंच नाई." झुणका इतका चांगला होता की मला नीट रागावताही आलं नाही.

आम्ही शिकलेली कौशल्यं परीक्षेनंतर विसरून जायची असतात असा आमचा समज होता. वहिनी मात्र जे शिकत ते त्याच दिवशी वापरायला काढत. प्रबलन कौशल्य शिकवलं त्या आठवड्यात त्यांनी आख्खा वर्धा-पवनार रस्ता प्रबलित करून सोडला. मुलाचं उत्तर बरोबर आलं की "शाब्बास, अगदी बरोबर" म्हणायचं, चुकलं तर "प्रयत्न चांगला होता, बसा" म्हणून त्याचं मन राखायचं, एवढंच ते कौशल्य. कंडक्टरने सुटे पैसे परत दिले की वहिनी म्हणत, "शाब्बास, अगदी बरोबर." तो बिचारा पुन्हा मोजून पाहायचा. घरी सासऱ्यांनी भाजीचा भाव चुकीचा सांगितला तेव्हा त्यांनी सासऱ्यांना "प्रयत्न चांगला होता, बसा" असं म्हटलं, आणि म्हातारबुवा खरोखर खाली बसले, असं दिराने आम्हाला सांगितलं. त्या वर्षातलं त्याचं सर्वांत लांब वाक्य ते.

शैक्षणिक साधनांच्या बाबतीतही त्यांचं असंच. आम्ही थर्माकोल, चमकी आणि फेव्हिकॉलमध्ये बरबटून बसायचो आणि वहिनी पिशवीतून वांगी काढायच्या. इतिहासाच्या तासाला त्यांनी टेबलावर कोहळ्याच्या फोडी मांडून राज्यांच्या सीमा दाखवल्या होत्या, आणि एकेक राज्य फुटलं की फोड बाजूला. त्यांची साधनं टिकत नसत, कारण पाठ संपला की त्यांची भाजी होई. आमच्या निरीक्षक सरांच्या घरी त्या हिवाळ्यात भाजी विकत आणावी लागली नसेल. आणि अशा या बाईने श्रमदानाच्या तासाला मात्र चक्क नकार दिला. आम्ही सगळे झाडू-विळे घेऊन मैदानात फोटोसाठी उभे होतो, सर श्रमाच्या प्रतिष्ठेवर बोलत होते, तेवढ्यात वहिनी पुढे होऊन म्हणाल्या, "सर, हे मी सकाळी घरून करून आली. मले वाचनालयात बसू देता काय?" सर जरा वेळ घुटमळले आणि बाजूला झाले. त्या दिवशी त्या एकट्या वाचनालयात बसून होत्या, आणि बाहेरून काचेतून मी पाहिलं तर वाचता वाचता स्वतःशीच हसत होत्या.

आता एवढी सगळी अक्कल असलेली बाई शिकवायला उभी राहिली की काय होत असेल, असं तुम्हाला वाटेल. पाठ अपूर्ण राहायचा. दरवेळी, न चुकता. कारण वहिनी प्रश्न विचारायच्या आणि थांबायच्या. त्यांचं थांबणं हे आमच्यासारखं नव्हतं. आम्ही प्रश्न विचारून मनात चार अंक मोजतो आणि जो हात वर दिसेल त्याच्यावर झडप घालतो. वहिनी ज्याचा हात वर नाही त्याच्याकडे पाहून थांबायच्या. आमच्यातल्या एखाद्या हुशार मुलीने हात फडफडवला तर म्हणत, "तुले येते हे मले माहीत आहे. दम धर." आणि मोबाईल लपवून होणाऱ्या बायकोला मेसेज पाठवणाऱ्या आमच्या एका मित्राकडे अशा बघत बसत, की तो मोबाईल खिशात ठेवून खरोखरच विचार करू लागे. वर्गात पंख्याचा आवाज तेवढा ऐकू यायचा. तास संपायचा, फळा अर्धा कोरा राहायचा, आणि सर शेरा लिहायचे, पाठ अपूर्ण. एकदा सर वैतागून म्हणाले, "वहिनी, तुम्ही गाडी स्टेशनात उभी करून एकेका प्रवाशाची वाट बघत बसता. अशाने ती पोचायची कशी?" वहिनींनी थोडा विचार केला. "पण सर, पोट्टे बसलेच नाई त रिकामी गाडी नेऊन काय करता?" सरांनी चष्मा पुसला. शेरा मात्र बदलला नाही.

एका थंडीतल्या संध्याकाळी त्यांची बस यायला उशीर झाला म्हणून मी त्यांच्यासोबत स्टँडवर थांबले होते, तेव्हा मी त्यांना विचारलंच. म्हटलं, वहिनी, तुम्हाला कळतंय ना सगळं, मग दोन उत्तरं हुशार मुलांची घ्यावी आणि पुढे जावं, काय बिघडतं? त्या शेंगदाण्याची टरफलं पदरात गोळा करत होत्या. म्हणाल्या, "आमच्या शाळेत साहेब येणार असले का बाई मले मागं बसवत. आम्ही चार-पाच जणी होतो मागं बसणाऱ्या. हात वर करू नका म्हणत. मले उत्तर येत नव्हतं असं नाई बरं. येत होतं. पण यायले टाइम लागे. अन् येईपर्यंत बाई पुढच्या प्रश्नावर गेलेल्या राहत." आणि मग मोठ्याने हसल्या. "माह्याजवळ अजून लय उत्तरं पडले आहे. कोणं विचारलेच नाई." बस आली, त्या चढल्या, खिडकीतून "घरी जाजो लवकर" म्हणाल्या. मी कितीतरी वेळ स्कूटी सुरूच केली नाही.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी वार्षिक पाठ असतो. खऱ्या शाळेत, खऱ्या मुलांसमोर, आणि मागे बाहेरच्या कॉलेजातले परीक्षक बसलेले. सरांनी वहिनींना बोलावून स्पष्ट सांगितलं, की आजवर मी सांभाळून घेतलं, पण बाहेरचे परीक्षक अपूर्ण पाठाला पास करत नसतात. मूल्यमापनाचे प्रश्न विचारून, स्वाध्याय देऊन, घंटेच्या आत पाठ संपला पाहिजे. वहिनी "हो सर" म्हणाल्या. घरची अट सगळ्या वर्गाला माहीत होती. आम्ही मुलींनी त्यांना मनगटी घड्याळ आणून दिलं, बोटांवर मिनिटं विभागून दिली. त्यांनी ते सगळं शहाण्या मुलीसारखं ऐकून घेतलं. पाठाच्या आदल्या दिवशी मधल्या सुट्टीनंतर दीर कॉलेजात दिसला नाही, एवढंच माझ्या लक्षात आलं होतं.

शाळा आमच्या सिंदी मेघेतलीच. सातवीचा वर्ग, विषय इतिहासाची साधने. वहिनी कॉलेजच्या इस्त्री केलेल्या मोरपंखी साडीत, थोड्या अवघडलेल्या. पिशवीत घरचं पितळी मापटं, एक जुनं नाणं, आणि सासू-सासऱ्यांच्या लग्नाची पिवळी पडलेली पत्रिका. साधनं पुढे करायला मी मदतनीस म्हणून मागे उभी होते. परीक्षक मॅडम कडक होत्या, टोकदार पेन्सिल आणि त्याहून टोकदार नजर असलेल्या. वहिनींनी पहिला प्रश्न विचारला. जुन्या काळी लोक कसे राहत होते हे आपल्याला कशावरून कळतं? आणि तोंडातून प्रश्न पुरता बाहेर पडतो न पडतो तोच पुढचे सगळे हात स्प्रिंग बसवल्यासारखे वर गेले. "इतिहासाच्या साधनांवरून!" साधनांचे प्रकार किती हे विचारायच्या आधीच उत्तर आलं, "भौतिक, लिखित, मौखिक!" उदाहरणं विचारा, "किल्ले, लेणी, नाणी, शिलालेख!" मराठी एकदम छापील. मला वाटलं, काय गुणी मुलं आहेत. परीक्षक मॅडमची पेन्सिल समाधानाने हलत होती. दारातून सर मान डोलवत होते. वहिनींचा पाठ आयुष्यात पहिल्यांदा घंटेच्या आधी संपणार होता. आता फक्त मूल्यमापनाचे दोन प्रश्न आणि स्वाध्याय, की सासऱ्यांची अट सुटली. मी मनातल्या मनात पेढे वाटायला घेतले होते.

वहिनींचा चेहरा मात्र उतरला होता. त्या पुढच्या हातांकडे पाहत नव्हत्या. शेवटच्या बाकावर, भिंतीच्या कोपऱ्यात एक मुलगी एकटी बसली होती, दोन्ही हात बाकाखाली घालून. वहिनींनी तिला विचारलं, "तू सांग बरं." मुलगी उभी राहिली. सगळा वर्ग वळून तिच्याकडे पाहू लागला. वहिनी थांबल्या. बऱ्याच वेळाने ती पुटपुटली, "मले बोलू नको म्हणून सांगतलं."

"कोणं?"

"काल दादा आलते. त्यायनं सगळ्यायले उत्तरं सांगतले. मले म्हणे, तू मागं बसजो. हात वर करू नको."

खिडकीबाहेर दिराचा चेहरा होता. तो पांढरा पडला. सरांनी डोळे मिटले. मी वहिनींना खुणेने घड्याळ दाखवलं. अजूनही काही बिघडलं नव्हतं, त्यांनी "बस खाली" म्हणून स्वाध्याय फळ्यावर लिहिला असता तर त्या पास होत्या. मला मनापासून वाटत होतं की त्यांनी तसंच करावं. वहिनींनी खडू टेबलावर ठेवला. त्या मागे गेल्या, त्या मुलीला म्हणाल्या, "सरक," आणि तिच्या शेजारी बाकावर बसल्या. वार्षिक पाठात, परीक्षक समोर असताना, शिक्षिका बाकावर बसलेली मी त्याआधी पाहिली नव्हती आणि नंतरही नाही. आणि बसताक्षणी त्या सातवीत गेल्या. तोच चेहरा, तेच ओठ. "मलेबी मागंच बसवत," त्या तिला म्हणाल्या. "आता मले एक समजलं नाई. माह्या घरी किल्ला नाई, लेणी नाई. मंग माह्या घराले इतिहासच नाई काय?"

याचं उत्तर काल कोणी सांगून ठेवलं नव्हतं. पुढचे हात एकेक करून खाली आले. वर्गात ती शांतता पसरली, वहिनींची, मला चांगली ओळखीची. पण त्या दिवशी ती मला सोसवत नव्हती. परीक्षक मॅडमनी मनगटावर पाहिलं. आणि तेव्हा ती मुलगी बोलली. एवढ्या हळू की पुढच्यांना मान वळवावी लागली. "माह्या आजीच्या हातावर गोंदलं आहे. तिच्या मायचं नाव." थोडा वेळ गेला. वहिनींनी काही विचारलं नाही. "आजीले वाचता येत नाई. पण नाव कुठं आहे ते बोट ठेवून सांगते."

मग वर्गात जे झालं त्याला पाठ म्हणतात का हे मला माहीत नाही. एकजण म्हणाला, नाव आहे तर लिखित साधन. दुसरी म्हणाली, हातावर आहे, कागदावर नाही, म्हणून भौतिक. आजी गेली तर साधनही जाईल, मग ते उतरवून ठेवायला नको का, असं कोणीतरी विचारलं. ती मुलगी आता उभीच होती. म्हणाली, "गोंदतानी बाया गाणं म्हणत. आजीले ते येते." "मंग मौखिक!" असा गलका झाला, आणि भौतिकवाले ऐकायला तयार नव्हते, आणि वहिनी बाकावर बसून याच्याकडून त्याच्याकडे मान वळवत होत्या, "मले अजून समजलं नाई" म्हणत. घंटा झाली. मूल्यमापन नाही, स्वाध्याय नाही, फळा अर्धा कोरा.

परीक्षकांनी वर्गाशी बोलायचं नसतं. पण त्या कडक मॅडम उठल्या, मुलांच्या मधोमध आल्या आणि म्हणाल्या, "मग काय ठरलं? कोणतं साधन?" ती मुलगी म्हणाली, "उद्या आजीले विचारून सांगते." मॅडम म्हणाल्या, "उद्या मी नसेन गं." आणि हे म्हणताना त्यांचा आवाज जरा खाली आला. त्यांनी पेन्सिल पर्समध्ये टाकली आणि त्या निघून गेल्या.

व्हरांड्यात दीर खांबाला टेकून उभा होता. वहिनी त्याच्यासमोर जाऊन थांबल्या. मला वाटलं, आता फुटतील. त्या म्हणाल्या, "प्रयत्न चांगला होता, भाऊजी." मग म्हणाल्या, "पण त्या पोरीले मागं काऊन बसवलं?"

"तुम्ही पास व्हाव्या म्हणून."

"ते समजलं मले. तिले काऊन बसवलं?"

वहिनी थांबल्या. पवनारच्या बसची वेळ झाली होती, मी तसं म्हणणार होते, पण तोंड उघडवलं नाही. मुलं दप्तरं घेऊन आमच्या बाजूने जात राहिली. बऱ्याच वेळाने दीर जमिनीकडे पाहत म्हणाला, "मले वाटलं तिले येत नाई." पुन्हा थांबला. "तिले टाइम लागते, बस." वहिनींनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि "शाब्बास" म्हणाल्या. प्रबलन कौशल्याचा एवढा नेमका वापर आमच्या तुकडीत दुसरा झाला नाही. त्या दिवशी ते दोघं पहिल्यांदा बसमध्ये एका बाकावर बसून घरी गेले.

वहिनी पास झाल्या. शेऱ्यात "पाठ अपूर्ण" होतंच, मॅडमनी नियम मोडला नव्हता, पण गुण भरपूर दिले होते. दिराला त्यांच्याहून थोडे जास्त मिळाले आणि त्याने ते घरी बराच काळ सांगितले नाहीत. आता तोच वावर पाहतो, बाजारही करतो. वहिनींना आष्टी तालुक्यातल्या एका शाळेत जागा मिळाली. लांब पडतं, म्हणून आठवडाभर त्या तिकडेच खोली घेऊन राहतात, लेकीसकट. सोमवारी पहाटे दीर मोटरसायकलवरून दोघींना वर्ध्याच्या स्टँडवर सोडायला येतो, पुढ्यात त्यांची पिशवी ठेवून. आणि सासरे शनिवारी ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारतात, "आष्टीची गाडी आली काय?" उत्तर आलं नाही तर म्हणतात, "बरं, आणखी कोणी सांगन?"

मी सिंदी मेघेतल्या एका मोठ्या इंग्रजी शाळेत आहे. माझे पाठ वेळेत संपतात. मुलं उत्तरं पटापट देतात, पालक खूश असतात. तरी कधी कधी भर तासात माझी नजर आपोआप मागच्या बाकाकडे जाते, कुणीतरी उठून "मॅडम, कधी कधी काईच येत नाई" म्हणेल म्हणून. कुणी म्हणत नाही. मला वहिनींची फार आठवण येते तेव्हा.

गेल्या हिवाळ्यात सुट्टी काढून मी त्यांच्या शाळेत गेले. न कळवता. वर्गाच्या दारात उभी राहिले तर फळ्यापाशी एक परकरातली मुलगी छडी घेऊन बाई झाली होती, आणि वहिनी शेवटच्या बाकावर बसल्या होत्या. केस थोडे पिकले होते. मला पाहून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्यांनी भूमिका सोडली नाही. हात वर करून म्हणाल्या, "बाई, वर्गात नवीन पोरगी आली." बाईंनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि छडीनेच जागा दाखवली. मी वहिनींच्या शेजारी जाऊन बसले. त्यांच्या बोटांना अजून मेथीचा वास होता. बाईंनी फळ्यावरच्या नकाशाकडे वळून एक प्रश्न विचारला, साधाच, आपली धाम नदी पुढे कुठे जाते असा काहीतरी. उत्तर माझ्या जिभेवर आलं होतं, हातही अर्धा वर गेला होता. वहिनींनी बाकाखालून माझा हात धरला आणि हळूच म्हणाल्या, "दम धर." मी थांबले. आमच्या पुढच्या बाकावर एक मुलगी मान खाली घालून बसली होती, आणि तिचे ओठ नुकते कुठे हलायला लागले होते.